चमचाभर धुळीचे सर

अकरा वर्षं जपलेली चमचाभर धूळ मी एका सकाळी नळाखाली धुऊन टाकली, आणि ज्या काचेच्या नळीत ती वापरायची त्या नळीला हळदकुंकू लावून वर झेंडूचा हार घातला. घरात कुणी मला हुशार म्हणायला लागलं की मी ही गोष्ट आपणहून सांगते. नातीला तर ती पाठ आहे. पाहुणे बसलेले असले की ती मुद्दाम म्हणते, "आजी, ते धुळीचं सांग ना," आणि मी पदर खोचून सुरू होते. पण सांगताना मी माझाच मूर्खपणा रंगवत बसते आणि ज्यांची धूळ होती ते सर राहून जातात. म्हणून हे लिहायला घेतलं.

तेव्हा मी तेहतीस वर्षांची होते. शिरूरच्या एका कॉलेजात, पदार्थविज्ञानाच्या विभागात, प्रयोगशाळा सहायक म्हणून जूनमध्ये लागले. लग्नाआधी मिळवलेला बी.एस्सी.चा सेकंड क्लास इतकी वर्षं ट्रंकेत साड्यांखाली पडून होता. तो बाहेर आला तो थेट माझ्या डोक्यात गेला. मी पांढरा कोट शिवून घेतला. विभागात कुणीच कोट घालत नव्हतं. पहिला महिनाभर पोरं मला नर्स समजत होती. एकानं तर बाही वर करून विचारलं, "बाई, ब्लड ग्रुप हितंच बघत्यात का?"

सर विभागाच्या मागच्या खोलीत बसायचे. पन्नाशीचे, उंच, आणि मानेतून कायम पुढं झुकलेले, जणू एखाद्या किल्लीच्या भोकातून आत बघतायत. शर्टाच्या खिशात पेनाच्या जोडीला एक मऊ केसांचा ब्रश असायचा, चित्रकाराचा असतो तसा. कुणाच्या घरी गेले की चहा येईपर्यंत हळूच उठून कपाटावरून तो ब्रश फिरवायचे. घरची बाई ओशाळून पदर पुढं करायची, आणि सर ब्रश उजेडात धरून आनंदानं विचारायचे, "वहिनी, ही किती दिवसांची?" त्यांना कुणी दुसऱ्यांदा चहाला बोलवत नसे. त्यांना ते कळलंही नसावं.

त्यांचा विषय होता धुळीच्या प्लाझ्मातल्या एकट्या लाटा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी "हो का," म्हटलं. सासरे त्यांच्या गुडघ्याबद्दल सांगायचे तेव्हा म्हणायची, अगदी तसंच. सरांनी मला स्टुलावर बसवलं आणि समजावून दिलं.

"ट्यूबलाइट पेटते तेव्हा आत जो झगझगता वायू असतो ना, तो प्लाझ्मा. त्यात अगदी बारीक धूळ सोडली तर कणाकणाला वीज चिकटते. मग ते कण खाली पडत नाहीत आणि वरही जात नाहीत. एकमेकांना न शिवता अधांतरी ढग करून राहतात. त्या ढगाला एका कडेनं नेमका धक्का दिला की त्यातून लाट निघते. एकच. मागं दुसरी नाही, तिसरी नाही. आकार न बदलता ह्या टोकापासून त्या टोकाला जाते. आलं लक्षात?"

"आलं, सर."

माझ्या लक्षात एवढंच आलं की कॉलेजातल्या ट्यूबलाइट पुसायला झाल्यात.

आमच्या नळीतली हवा काढायला एक जुना पंप होता. सर त्याला आप्पा म्हणायचे. चालू केला की तो म्हाताऱ्यासारखा खोकायचा, आणि आतली हवा जसजशी कमी होई तसतसा खोकला बसत जाई. "आप्पा खोकतायत तोवर कुणी काही बोलायचं नाही," असा खोलीचा नियम. आप्पा गप्प झाले की सर मान हलवून म्हणायचे, "आता यांचं पोट रिकामं झालं." प्राचार्य एकदा त्याच वेळी आत आले आणि आप्पांच्या पोटाचं ऐकून म्हणाले, "वडील गावाहून आलेत का?" सर म्हणाले, "नाही, हे विभागाचेच आहेत."

सर मिशनच्या आवारात वाढलेले, जुन्या ख्रिस्ती घरातले. रविवारी देवळात ठरलेल्या एका बाकावर बसायचे, पूर्वेच्या खिडकीखाली. उपासना सुरू असताना ते इतके निश्चल असत की पाळकसाहेब त्यांचं नाव तरुणांपुढं घेऊ लागले. एकदा मी भाबडेपणानं विचारलं, "सर, प्रार्थनेत तुम्ही एवढे एकाग्र कसे होता?" त्यांनी आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली आणला. "कुणाला सांगू नका. त्या खिडकीतून कवडसा येतो ना, त्यातली धूळ बघत असतो. शेजारचे काका शिंकले की फार छान हलते."

शिक्षक म्हणून मुलांना त्यांचा वैताग होता, आणि लळाही. एकदा कालव्याला पाणी सुटलं तेव्हा त्यांनी वीस मुलं एस.टी.नं निमोण्याला नेली. सोबत विभागातलं जुनं दार. ते दार चौघांनी कालव्यात आडवं धरलं आणि सरांच्या इशाऱ्यावर एकदम पुढं रेटलं. पाण्याचा एक गुळगुळीत उंचवटा निघाला आणि चालू लागला. सर एका शेतकऱ्याची सायकल मागून काठाकाठानं त्याच्यामागं. तेवढ्यात पाटकरी धावत आला. कालव्यावर राखण करणारा माणूस, त्याला वाटलं कुणी पाणी फोडतंय.

"ओ मास्तर! पानी चोरताय व्हय?"

"पाणी नको हो मला," सर सायकलवरून ओरडले, "लाट पाहिजे!"

पाटकरी म्हणाला, "लाट न्या की मग. पानी तेवढं ठिवा."

हा निवाडा सर वर्षानुवर्षं वर्गात सांगायचे.

कालव्यातली लाट वीस मुलांनी पाहिली. नळीतली मात्र अकरा वर्षांत तीनदा निघाली, आणि तिन्ही वेळा खोलीत सर एकटे. दुसरं कुणीच नाही. त्यामुळं कॉलेजात सगळे म्हणत की सरांना एकटं राहून राहून लाटा दिसायला लागल्यात. पुरावा असावा म्हणून त्यांनी एकदा लग्नाचं शूटिंग करणारा माणूस बोलावला. त्यानं अंधाऱ्या खोलीत येताच सवयीनं आपला मोठा दिवा लावला. त्या झोतात नळीतलं सगळं पुसट झालं. कॅसेट आली तेव्हा तीत पंधरा मिनिटं सरांचा घामेजलेला चेहरा होता, भोवती गुलाबांची चौकट, आणि मागं सनई.

आता माझ्या पराक्रमाकडं येते.

प्राचार्यांना सरांची खोली कॉम्प्युटरसाठी हवी होती. बरेच दिवस कागद इकडून तिकडं गेले आणि शेवटी असं ठरलं की पुण्याहून एक मोठे प्राध्यापक येऊन प्रयोग बघतील. लाट आहे असं त्यांनी लिहून दिलं तर खोली सरांकडं राहील. नाही तर दिवाळीनंतर नळी, पंप आणि सगळा पसारा अडगळीत. दिवस ठरला कोजागरीचा, सकाळी अकरा. सर त्या दिवसापासून विभागात चपला काढून वावरायला लागले, धक्का बसू नये म्हणून.

त्याच्या आधी आली खंडेनवमी. त्या दिवशी आपल्याकडं नांगरापासून शिवणयंत्रापर्यंत सगळ्याला पाणी लागतं, फूल वाहिलं जातं. प्रयोगशाळाही त्यातून सुटत नाही. माझी ती तिथली पहिलीच खंडेनवमी. सर पुण्याला कागद द्यायला गेलेले. मी म्हटलं, यांची खोली अशी लखलखीत करते की साहेब दारातच पास करतील.

शेल्फवर सात-आठ बाटल्या होत्या. चिठ्ठ्या लावलेल्या: पाटस, राहू, निमोणे आणि असेच काय काय. आत राखाडी भुगा. मला वाटलं, मसाले असावेत आणि जुने झाले असावेत. ओतल्या, घासल्या, उन्हात पालथ्या घातल्या. टेबलावर बशीखाली एका वाटीत चमचाभर काही तरी मऊ, राखेसारखं होतं. तेही गेलं. मग नळी उघडली. आतून सगळीकडं धुळीचा थर. "अगं बाई, काय ही दशा!" असं मी मोठ्यानं म्हटलेलं मला आठवतं. भांड्यांची पावडर, ओलं फडकं, कोरडं फडकं, मग हळदकुंकू.

सर संध्याकाळी आले. दारातच उभे राहिले. नळीकडं बघितलं, वाटीकडं बघितलं, बाटल्यांकडं बघितलं. मी कौतुकाची वाट बघत पदराशी चाळा करत होते.

"छान पुसलंय हो," ते शेवटी म्हणाले. "कुठं डागसुद्धा राहिला नाही."

"दोनदा पुसलंय, सर!" मी म्हटलं.

"हो ना. एकदा पुसलं असतं तर थोडी उरली असती."

एवढं म्हणून ते बाहेर गेले आणि पायरीवर बसले. मला तरीही कळलं नाही. मला सांगितलं ते मामांनी. मामा म्हणजे विभागाचे शिपाई, शिरूरच्या जुन्या मुसलमान घरातले. पंपाचे रबरी वायसर ते ट्रकच्या ट्यूबमधून इतके नेटके कापायचे की विकतचे फिके पडावेत. ते झेंडूची टोपली खाली ठेवून म्हणाले, "बाई, त्या वाटीत सरांचं अकरा वर्साचं पीक व्हतं. चाळून, गाळून, फुकून येवढंच आलं व्हतं हाताला. तुमी त्ये मोरीत सोडलंत."

मी त्या रात्री जेवले नाही असं सांगितलं तर खोटं होईल. जेवले, पण रडत जेवले.

दुसऱ्या दिवशी दसरा. मी सकाळीच सरांच्या दारात. मामा आधीच आलेले. सर म्हणाले, "रडून उपयोग नाही, बाई. नवीन धूळ मिळवू. शेतातली माती चालत नाही, ती जड. मला हवी भट्टीची राख, जी आपणहून उडून उंच जाऊन बसलीय. वाऱ्यानं निवडलेली." मी घरी नवऱ्याला म्हटलं, "मी धूळ शोधायला चाललेय." तो पेपरातून मान वर न काढता म्हणाला, "लोक आज सोनं लुटतात."

आम्ही तिघं एस.टी.नं पाटसला गेलो. साखर कारखान्याच्या हंगामात तिथं वाळत घातलेल्या कपड्यांवरसुद्धा काजळी पडते. गेल्या हंगामाची कुठं तरी वर साठलेली असणार असा सरांचा हिशेब. पहिल्याच घरी सरांनी हात जोडून विचारलं, "ताई, तुमच्या माळ्यावर धूळ आहे का हो थोडी?"

त्या बाईंच्या हातातलं तोरण तसंच राहिलं. "धूळ? आमच्या घरात? घट बसायच्या आधी वासा न् वासा पुसलाय म्या! कुनी सांगितलं तुमाला? पलीकडचीनं?"

"नाही, नाही. पण अगदी कोपऱ्यात, एखादा थर..."

"न्हाई म्हंजी न्हाई! या आत, दावते!"

तिनं आम्हाला शिडीवर चढवून माळा दाखवला. खरंच चकचकीत होता. सर खाली उतरले ते हताश चेहऱ्यानं म्हणाले, "फारच स्वच्छ आहे हो." त्यावर ती खुश झाली आणि तिनं आम्हाला आपट्याची पानं दिली.

सगळ्या गावाची हीच गत. नवरात्राआधी घर झाडायचं हे सगळ्यांना माहीत. फक्त आम्हा तिघा शहाण्यांच्या लक्षात आलं नव्हतं. दसऱ्याच्या दिवशी अख्ख्या तालुक्यात चिमूटभर धूळ मिळेना. मामा म्हणाले, "निमोण्याला माझी भन हाय. ती काय घट बसवत न्हाई. तिच्याकडं असंल." दोन गाड्या बदलून निमोण्याला गेलो. बहिणीचं घर आरशासारखं. मामा चिडले. "तुला काय गरज व्हती गं?"

"अरं, साऱ्या आळीत झाडझूड चाललेली," ती म्हणाली, "आन् मी येकटीच गबाळी दिसू व्हय?"

आम्ही एस.टी. स्टँडवर बसलो. सर आपट्याचं एकेक पान उजेडात धरून त्यावर धूळ आहे का बघत होते. ते मला बघवेना. मला एक जागा माहीत होती. सकाळपासून माहीत होती. पण ती सांगायची म्हणजे मान खाली घालायला लागणार होती.

"सर," मी म्हटलं, "राहूला माझ्या सासरी माळा आहे. शेजारी गुऱ्हाळ. उसाच्या चिपाडाचा जाळ असतो, त्याची राख उडून माळ्यावर बसते. चार वर्षांची असेल."

"तुमच्याकडं झाडत नाहीत?"

"झाडायचं काम माझ्याकडं आहे. दर वर्षी मी वर जाते, तासभर कादंबरी वाचते आणि खाली येऊन झालं म्हणून सांगते."

मामांनी तोंडावर हात धरला. सर मात्र उभेच राहिले. "बाई! चार वर्षं? कुणी हात न लावलेली?" इतक्या आदरानं माझ्या आळसाकडं त्याआधी आणि त्यानंतर कुणी पाहिलं नाही.

कॉलेजची खोली मी ज्या उत्साहानं पुसली, त्याच्या चार आणे उत्साह मी सासरच्या माळ्यावर दाखवला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ओट्यावर बसून मिश्री लावत होत्या. तंबाखूची ती काळी पूड दाताला घासल्याशिवाय त्यांचा दिवस सरत नसे. मी खाली बघत सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, चूळ भरली आणि सरांना म्हणाल्या, "मास्तर, चार वर्स ही मला सांगतीया माळा झाडला म्हनून. आन् मी चार वर्स लोकास्नी सांगतीया, माझी सून लई टापटिपीची. आता तुमीच सांगा, दोघीत मोठी येडी कोन?"

"राख मात्र उत्तम असणार," सर म्हणाले.

निघालीही उत्तम. पण तिच्यातून अगदी बारीक तेवढी वेगळी काढायची कशी? सरांची चाळण त्याला पुरत नव्हती, म्हणून तर अकरा वर्षं लागली होती. आणि हातात पाच दिवस. आत्याबाईंनी चिमूट हातावर घेऊन विचारलं, "येवढीच भानगड? कुरडईचा चीक कसा करतो आपन? पान्यात ढवळायचं, जाड खाली बसंस्तवर थांबायचं, वरचं गढूळ दुसऱ्या भांड्यात वतायचं. त्ये पुन्हा निवळू द्यायचं. व्हय का न्हाई?"

सरांनी वही काढली. "किती मिनिटं थांबायचं?"

"मिंटं कशाला? भांड्याचा बूड दिसंना पर हात दिसतोय, तवा वतायचं."

सरांनी तेच लिहून घेतलं. तीन दिवस आमच्या अंगणात पितळी पातेल्यांची रांग लागली होती आणि सर पातेल्यांत हात घालून बसलेले. शेवटची कसोटीही आत्याबाईंचीच. वाळलेली राख बोटावर घेऊन त्या दातावर फिरवायच्या, मिश्री फिरवावी तशी. "खरखरतिया. आजून येक पानी द्या." पुन्हा ढवळणं, पुन्हा ओतणं. चौथ्या दिवशी त्यांनी दातावरून बोट फिरवलं, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "आता लागत न्हाई. झाली."

सरांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली दोनदा बघितली. मला म्हणाले, "तुमच्या सासूबाईंच्या दातांना विभागात जागा द्यायला हवी."

कोजागरीला पुण्याचे साहेब आले. इस्त्रीचा शर्ट, बारीक चष्मा, बोलायला गोड आणि घाईत. खोलीत काळे पडदे. आप्पा खोकले, खोकले आणि गप्प झाले. नळीत गुलाबी उजेड पसरला. सरांनी वरून डबी टिचकीनं हलवली, आणि आमच्या माळ्यावरची राख त्या उजेडात उतरून मध्येच थांबली. लाल लेझरच्या पातळ झोतात तिचा ढग चमकत होता. मी तोंडाला पदर लावला. इतकं सुंदर काही मी स्वतःच्या आळसातून निघालेलं पाहिलं नव्हतं.

धक्का द्यायला सरांनी दारावरच्या घंटीचं बटण बसवलं होतं. त्यांनी ते दाबलं. ढग नुसता शहारला. पुन्हा दाबलं. काही नाही. तिसऱ्यांदा दाबलं तेव्हा सरांच्या कपाळावरून घाम हनुवटीपर्यंत आला होता. साहेबांनी घड्याळ बघितलं. दाराशी उभ्या प्राचार्यांना त्यांनी हळूच विचारलं, "जेवणाचं कुठं ठेवलंय?" प्राचार्य पुढं होऊन हॉटेलचं सांगू लागले. मामा पंपापाशी वाकलेले.

"बाई," सर कोरड्या आवाजात म्हणाले, "माझा हात ओला झालाय. तुम्ही दाबा."

दारावरची घंटी मी आयुष्यात कधी एकदाच वाजवून थांबलेले नाही. एकदा हलकेच वाजवायची, आणि कुणी उघडलं नाही की लगेच दुसऱ्यांदा, चांगली दाबून. इथंही हाताला तीच सवय. टिंग, आणि लगेच टिंऽऽग.

आणि मी किंचाळले.

दिवे लागले. त्या दुसऱ्या दाबण्यानं ढग खाली बसला होता. तो पुन्हा उभा करायला दुपार गेली असती आणि साहेबांना थांबायचं नव्हतं. ते नळीकडं वळले, नळीत काहीच नव्हतं. मग माझ्याकडं वळले.

"काय झालं, मॅडम?"

"दोघी गेल्या," मी म्हटलं.

"दोघी कोण?"

"लाटा. आधी एक निघाली, फिकी. मागून दुसरी आली, चांगली झळझळीत. तिनं पहिलीला गाठलं."

"मग? मिसळल्या?"

"क्षणभर एक झाल्या. मला वाटलं, संपलं. पण झळझळीत होती ती आरपार निघून पुढं गेली, आणि फिकी तिच्या मागं तशीच चालत राहिली. दोघींचं काही बिघडलं नाही. सासू-सुना दारात एकमेकींना वाट देतात तशा."

मामा खोकले. साहेब चष्मा काढून पुसायला लागले.

"झळझळीत होती ती मोठी. म्हणजे रुंद असेल?"

"नाही, नाही. ती बारीक होती, दोरीसारखी. आणि पळत होती. फिकी होती ती पसरट, रमतगमत चाललेली."

साहेबांचं पुसणं थांबलं. प्राचार्यांना काय वाटलं कोण जाणे, ते घाईनं पुढं आले. "साहेब, ह्यांचं मनावर घेऊ नका. बाई नवीन आहेत. मागल्या आठवड्यात ह्यांनीच सरांची सगळी धूळ घाण समजून नळाखाली धुतली."

माझे कान तापले. साहेब मात्र हसायला लागले. "धुतली? खरंच धुतली?"

"दोनदा पुसली पण," मी म्हटलं. लपवायला उरलंच काय होतं?

"ह्या विषयावरचं काही वाचलंय तुम्ही?"

"एक अक्षर नाही."

साहेब प्राचार्यांकडं वळले. "ऐकलंत? मोठी लाट बारीक असते आणि जोरात पळते, हे न वाचलेला माणूस कल्पनेनं उलटंच सांगेल. असं खोटं बोलायला सहा महिने अभ्यास लागतो. आणि ज्या बाईंनी धूळ धुऊन टाकली त्यांचा अभ्यास किती असेल, ते तुम्हीच सांगितलंत." मग सरांकडं बघून त्यांनी विचारलं, "तुमचं काय म्हणणं?"

सर हळू आवाजात म्हणाले, "बाईंनी सांगितलं त्याहून मला जास्त काही सांगता येणार नाही."

मला तो विनय वाटला. माझी छाती इतकी फुगली की कोटाचं बटण तुटायचं राहिलं.

साहेबांनी तिथंच, आप्पांच्या पाठीवर कागद ठेवून, चार ओळी लिहिल्या: प्रयोग चालू ठेवावा, खोली काढून घेऊ नये. गाडी फाटकाबाहेर गेली. मामा चहा सांगायला गेले. मी आपली मोठ्या रुबाबात पडदे काढायला लागले आणि वाट बघायला लागले की सर आता आभार मानतील, मग मी 'त्यात काय, सर' म्हणेन.

सर दाराला आतून कडी घालून आले. माझ्यासाठी स्टूल ओढलं, ते ब्रशनं झटकलं, स्वतः जमिनीवर मांडी घालून बसले आणि वही उघडली.

"बसा, बाई," ते म्हणाले. "आता मला पहिल्यापासून सांगा, अगदी सावकाश. मी तेव्हा साहेबांच्या तोंडाकडं बघत होतो."